चाकांवरच्या घरात इंटरनेट

राष्ट्रीय महामार्ग क्र. ४८ दिल्लीहून निघतो आणि जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, कोल्हापूर, बंगळूर असा मजल दरमजल करीत चेन्नईला पोचतो. रात्री या रस्त्याने प्रवास केला तर ढाब्याढाब्यांपुढे मालमोटारींच्या रांगा उभ्या दिसतात. दिवे मालवलेले असतात, पण काचेआड कुठे कुठे एक लहानसा निळसर उजेड दिसतो. तो असतो मोबाइल फोनचा.

विद्यार्थी मित्रहो, ट्रक म्हणजे सामान वाहणारे वाहन, एवढेच आपण समजून चालतो. चालकाच्या दृष्टीने मात्र ते त्याचे घर असते. केबिनमध्ये आसनामागे झोपण्यापुरती फळी, तिच्यावर गुंडाळलेले अंथरूण, समोर देवाची तसबीर, पायाशी पाण्याचा कॅन, दोरीवर वाळत घातलेला पंचा. लांब पल्ल्याच्या गाड्यांवरील चालक आणि क्लीनर वर्षातले कित्येक महिने या आठ-दहा पावलांच्या घरात काढतात. तिकडे अमेरिकेत काही लोक हौसेने, तर काही घरभाडे परवडत नाही म्हणून व्हॅनमध्ये राहतात. त्यांची घरे आमच्या केबिनपेक्षा ऐसपैस असतील, पण त्यांच्यापुढचा प्रश्न हाच असतो: आज इथे, उद्या तिथे असणाऱ्या घराला इंटरनेट आणायचे कोठून, आणि तेही खिशाला परवडेल असे?

हा केवळ करमणुकीचा प्रश्न आहे असे कुणाला वाटेल, तर ते तितकेसे खरे नाही. एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा बहुतेक माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना ‘ई-वे बिल’ लागते. त्याची मुदत साधारणपणे दर २०० कि.मी.ला एक दिवस अशी मोजतात. चाकणहून दिल्लीला यंत्रांचे सुटे भाग न्यायचे, तर अंतर सुमारे १४५० कि.मी.; म्हणजे मुदत आठ दिवसांची. वाटेत गाडीचा पाटा तुटला, दोन दिवस मेकॅनिककडे गेले, तर मुदत वाढवून घ्यावी लागते, आणि ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच वाढवता येते. त्यासाठी गाडी कुठे व का अडकली आहे हे ट्रान्सपोर्टच्या कचेरीला वेळेवर कळले पाहिजे. ते न कळल्यास होणारा दंड कराच्या दुप्पट रकमेपर्यंत जाऊ शकतो. शिवाय फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. त्याच्या खात्यात पैसे आहेत की नाहीत हे फोनवरच पाहायचे. परतीचा माल कुठे मिळेल, मालकाने डिझेलचे पैसे पाठवले का, हेही फोनवरच. आणि हे सगळे उरकल्यावर गावी मुलगी झोपायच्या आत तिचा चेहरा दोन मिनिटे पाहायचा असतो.

पूर्वी हेच काम एस.टी.डी. बूथवरून चाले. रांगेत उभे राहायचे, भिंतीवरच्या लाल आकड्यांकडे डोळे लावून घाईघाईने बोलायचे आणि आकडा वाढला की फोन ठेवायचा. आता बूथ खिशात आला आहे. परंतु खिशातले बूथ चालत्या पत्र्याच्या पेटीत कसे चालते, आणि कमी पैशांत अधिक चांगले कसे चालेल, हे समजण्यासाठी थोडे विज्ञान पाहावे लागेल.

टेलिफोन आधी गाडीत बसला

गंमत अशी की, फिरता टेलिफोन प्रथम माणसाच्या खिशात आला नाही. तो गाडीत आला. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतील सेंट लुई शहरात एका मोटारीतून पहिला सार्वजनिक सेवेचा फोन लावला गेला. त्या यंत्राचे वजन सुमारे ३६ किलो होते. त्याहून मोठी अडचण म्हणजे साऱ्या शहरासाठी एकच मोठा प्रक्षेपक होता आणि एका वेळी अवघी तीन संभाषणे होऊ शकत. चौथ्याने थांबायचे!

यावर डग्लस रिंग आणि त्यांच्या बेल प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांनी १९४७ साली एक तोडगा कागदावर मांडला. शहराच्या मधोमध एक मोठा प्रक्षेपक ठेवण्याऐवजी प्रदेशाचे मधमाशांच्या पोळ्यासारखे लहान लहान षट्कोनी भाग करावेत. प्रत्येक भागात कमी शक्तीचा छोटा मनोरा उभारावा. एका भागात वापरलेली वारंवारता शेजारच्या भागात वापरायची नाही, पण थोडे दूर गेल्यावर तीच पुन्हा वापरायची. दूरच्या भागापर्यंत लहर पोचेतो ती इतकी क्षीण होते की, दोन्ही संभाषणांची सरमिसळ होत नाही. या प्रत्येक भागाला ‘सेल’ म्हणतात, आणि म्हणूनच सेलफोन! (वीज साठवणाऱ्या सेलशी याचा काही संबंध नाही, असा समज पुष्कळांचा असतो.) ही कल्पना प्रत्यक्षात यायला बरीच वर्षे जावी लागली. हातात धरता येणाऱ्या फोनवरून मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यात पहिला कॉल केला तो ३ एप्रिल १९७३ रोजी. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू आणि दिल्लीहून सुखराम यांच्यात पहिले मोबाइल संभाषण झाले. त्या काळी मिनिटाला आठ ते सोळा रुपये पडत आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत!

आता आपला ट्रक ताशी ६० कि.मी. वेगाने चालला आहे असे समजा. महामार्गावरील एका टॉवरचा पल्ला तीन कि.मी. धरला, तर या टोकापासून त्या टोकापर्यंतचे सहा कि.मी. ट्रक सहा मिनिटांत ओलांडतो. म्हणजे दर सहा मिनिटांनी चालू संभाषण एका टॉवरने दुसऱ्याच्या हाती सोपवायचे, तेही बोलणाऱ्याच्या ध्यानात न येता. फोन सतत शेजारच्या टॉवरांची लहर मोजत असतो. पुढचा टॉवर अधिक जोरकस वाटू लागला की तसे कळवतो आणि सेकंदाच्या लहानशा अंशात बदली होते. रिले शर्यतीत धावपटू काठी पुढच्याच्या हातात देतो ना, तसेच.

वेगामुळे लहरींची वारंवारताही किंचित बदलते. आगगाडी शिटी वाजवीत जवळून गेली की शिटीचा सूर बदलतो, तोच हा डॉप्लर परिणाम. पण प्रकाशाच्या वेगापुढे ट्रकचा वेग तो काय! ताशी ८० कि.मी. वेगाने १८०० मेगॅहर्ट्झच्या लहरीत पडणारा फरक सुमारे १३३ हर्ट्झ, म्हणजे एक कोटीत एकाहूनही कमी. फोनला तो सहज दुरुस्त करता येतो. तेव्हा चालत्या गाडीत इंटरनेट नीट चालत नसेल, तर वेगाला बोल लावू नये. चोर वेगळाच आहे.

केबिन म्हणजे पत्र्याची पेटी

मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली एक प्रयोग केला. त्यांनी धातूच्या पत्र्याने मढवलेली एक खोली तयार केली, तिच्यावर बाहेरून विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि आतमध्ये विद्युत्परिणाम जाणवत नाही असे दाखवले. बंद धातूच्या पेटीत विद्युत्-चुंबकीय लहरींनाही असाच मज्जाव होतो. हा प्रयोग घरी करता येईल. जेवणाचे डबे बांधण्यासाठी वापरतात ती चंदेरी ॲल्युमिनियमची कागदी घडी घ्या. फोन तिच्या दोन-तीन पदरांत कुठेही फट न ठेवता गुंडाळा आणि दुसऱ्या फोनवरून कॉल लावून पाहा. मग एका कडेला बोटभर फट पाडा, ती हळूहळू मोठी करा आणि पुन्हा पुन्हा कॉल लावा. टॉवर अगदी जवळ असेल तर फोन गुंडाळलेला असतानाही कदाचित वाजेल. तसे झाल्यास आणखी दोन पदर चढवा.

ट्रकची केबिन ही अशीच एक पेटी आहे, फक्त तिला मोठ्या काचा आहेत. लहरी आत येतात त्या मुख्यतः या काचांतून. मागच्या बाजूला पत्रा असतो आणि त्याच्याही मागे पोलादी कंटेनर असला तर तिकडून लहर येण्याची आशाच नको. झोपायची फळी नेमकी या मागच्या भिंतीला लागून, म्हणजे केबिनमधल्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात. डोळ्यांना तो कोपरा अंधारा दिसत नसला तरी रेडिओ-लहरींच्या दृष्टीने तो अंधाराच. दिवसभराच्या श्रमाने थकलेला चालक तिथे आडवा होऊन घरी फोन लावतो आणि चित्र अडखळू लागले की कंपनीला नावे ठेवतो. फोन पुढच्या काचेशी नेला तर तोच पॅक, तीच कंपनी आणि तोच टॉवर एकदम सुधारतो. या उपायाला एक पैसाही लागत नाही. काचेला धातूचा थर असलेली काळी फिल्म चिकटवलेली असेल तर मात्र काच असूनही लहर अडते.

हे डोळ्यांनी मोजून पाहता येते. बहुतेक अँड्रॉइड फोनांच्या सेटिंगमध्ये सिमविषयीची माहिती असते. तेथे ‘डीबीएम’ या एककात लहरीची शक्ती दिलेली असते. आकडा उणे असतो. उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे ११० म्हणजे जेमतेम. यातील खुबी अशी की, आकडा दहाने खाली गेला की शक्ती एकदशांश होते, वीसने गेला की एकशतांश. उणे १०० म्हणजे किती, कल्पना आहे? एका वॅटचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातला एक! एवढ्याशा शक्तीतून फोन मुलीचा चेहरा उभा करतो, हे पाहून थक्क व्हायला होते. वर्गातील खिडकीपाशी, मधल्या बाकावर, जिन्याखाली आणि शाळेच्या बसमध्ये हे आकडे लिहून घ्या. उभ्या बसमध्ये पुढच्या काचेपाशी आणि शेवटच्या आसनाखाली पडणारा फरक पाहण्याजोगा असतो.

आणखी एक गोष्ट. टॉवर वीस-चाळीस वॅटने ओरडतो, तर फोन जास्तीत जास्त पाव वॅटने, खरे तर त्याहूनही थोडे कमी म्हणजे ०.२ वॅटने उत्तर देतो. लहर क्षीण असेल तिथे फोनला आपला सगळा जोर लावावा लागतो. तो तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. फोन तापला की पुष्कळांना वाटते तो जुना झाला. कित्येकदा तो केवळ चुकीच्या कोपऱ्यात ठेवलेला असतो.

लांब लहर, आखूड लहर

घाटात शिरताच इंटरनेट गळपटते, हा सर्वांचा अनुभव. याचे कारण समजण्यासाठी एक साधे सूत्र लक्षात ठेवा. ३०० ला मेगॅहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ७०० मेगॅहर्ट्झची लहर ४३ सें.मी. लांब, ९०० ची ३३ सें.मी., १८०० ची साडेसोळाहून थोडी अधिक, २३०० ची १३ आणि पाचव्या पिढीच्या सेवेत वापरल्या जाणाऱ्या ३५०० मेगॅहर्ट्झच्या आसपासची अवघी साडेआठ सें.मी. या सर्व लहरी आपल्या देशातील मोबाइल सेवेत वापरल्या जातात.

लांब लहर डोंगराच्या कडेवरून थोडी वळून पलीकडे उतरते, झाडोऱ्यातून आणि भिंतीतून बरीचशी निभावते. आखूड लहर जवळजवळ प्रकाशासारखी सरळ जाते. अडथळा आला की मागे सावली पडते. पण आखूड लहरींच्या पट्ट्यात जागा जास्त, म्हणून एकाच वेळी अधिक माहिती वाहून नेता येते. खंबाटकी किंवा कसारा घाटासारख्या वळणांवर बेसाल्टचा काळा कडा ट्रक आणि टॉवर यांच्यामध्ये येतो, तेव्हा आधी आखूड लहरीची साथ सुटते, फोन मुकाट्याने लांब लहरीवर येतो आणि वेग उतरतो. बोगद्यात तर दोन्हींचा निरुपाय होतो. तेथे खास तारा किंवा अँटेना बसवल्या असतील तरच लहर पोचते.

यावरून स्वस्त इंटरनेट निवडण्याचा पहिला नियम मिळतो, आणि माझ्या मते तो जाहिरातींतील कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाचा आहे: आपल्या वाटेवर ज्या कंपनीची लांब लहर पोचते तिचे सिम घ्यावे. शहरात सर्वांत वेगवान ठरलेली सेवा नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या रस्त्यावर कामी येईलच असे नाही. एकाच फेरीचे चालक यात पारंगत असतात. कोणत्या वळणानंतर कोणाचे ‘नेटवर्क’ येते हे त्यांना नकाशाशिवाय ठाऊक असते. दोन सिमच्या फोनात एक सिम रोजच्या वापराचे आणि दुसरे वेगळ्या कंपनीचे, कमीत कमी खर्चात जिवंत ठेवलेले, ही त्यांची रूढ पद्धत शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. सप्टेंबर २०२५ मध्ये भारत संचार निगमने देशी बनावटीच्या यंत्रणेवर चौथ्या पिढीची सेवा देशभर सुरू केली. आडवाटेने जाणाऱ्यांना त्यामुळे आणखी एक पर्याय मिळाला.

रिचार्जचे गणित

सरकारी आकडेवारीनुसार २०१४ साली आपल्याकडे एक गिगाबाइट माहितीला सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. दहा वर्षांत हा दर दहा रुपयांच्या खाली आला. इतकी घसरण क्वचितच एखाद्या वस्तूच्या किमतीत झाली असेल. पण ‘एका जीबीचा दर’ हे माप थोडे फसवे आहे. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर रोज दीड जीबी देणारा २८ दिवसांचा पॅक तीनशे ते साडेतीनशे रुपयांना पडू लागला. ४२ जीबीने भागले तर दर सात-आठ रुपये येतो. परंतु चालकाने दिवसाला तिसरा हिस्साच वापरला, तर त्याला प्रत्यक्षात पडलेला दर तिप्पट झाला! न वापरलेले दूध जसे दुसऱ्या दिवशी नासते, तशी न वापरलेली रोजची मर्यादा मध्यरात्री नाहीशी होते.

२८ दिवसांचा महिना हीदेखील एक मजा आहे. २८ गुणिले १३ बरोबर ३६४. म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज. तीच सेवा ८४ दिवसांसाठी एकदम घेतली तर २८ दिवसांच्या तीन पॅकांपेक्षा साधारणतः कमी पडते. अडचण एवढीच की, ज्याच्या हाती एकरकमी आठ-नऊशे रुपये नसतात त्याला ही बचत करता येत नाही. गरिबाला तीच वस्तू महाग पडण्याचा हा जुना न्याय येथेही लागू आहे.

मग किती माहिती लागते? याचाही हिशेब सोपा आहे. आठ बिट म्हणजे एक बाइट. सेकंदाला एक मेगाबिट वेगाने वाहणारे चलच्चित्र तासाला ३६०० मेगाबिट, म्हणजे ४५० मेगाबाइट खाते. चित्र अधिक रेखीव हवे असेल आणि वेग चार मेगाबिट झाला, तर तासाला १८०० मेगाबाइट. दीड जीबीची दिवसाची शिधा पाऊण-एक तासात फस्त! सहा इंचांच्या पडद्यावर दोन्हींतला फरक डोळ्यांना फारसा जाणवतही नाही. म्हणून चित्राची स्पष्टता एक पायरी खाली आणणे, चित्रफिती आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करणे आणि मोठ्या गोष्टी ढाब्यावर किंवा घरी उतरवून ठेवणे, हेच खरे स्वस्त इंटरनेट. मर्यादा संपल्यावर बहुतेक कंपन्या वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर आणतात. म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. दोनशे किलोबाइटचे छायाचित्र त्यातून पाठवायला २५ सेकंद लागतील. चलच्चित्र विसरा, पण लेखी निरोप सहज जातात. गाडी अडकल्याची वार्ता कचेरीला द्यायला तेवढे पुरेसे आहे.

एक सिम, दोघांचे काम

चालक आणि क्लीनर दोघांनी दोन मोठे पॅक घेण्याची गरज नसते. एक फोन पुढच्या काचेशी, जिथे लहर चांगली तिथे, ठेवायचा आणि त्याचे ‘हॉटस्पॉट’ चालू करायचे. हा फोन टॉवरशी बोलतो आणि आतल्या फोनांशी वाय-फायच्या लहरींनी बोलतो. आतले अंतर दोन-तीन मीटरच असल्याने अंधाऱ्या कोपऱ्यातही ते उत्तम पोचते. खर्च अर्धा, दर्जा दुप्पट. फक्त काचेशी ऊन लागते; तापलेला फोन स्वतःच आपले काम मंदावतो. म्हणून दिवसा त्यावर सावली हवी.

ज्यांना थोडे अधिक पैसे घालता येतात ते सिम बसणारा छोटा राउटर घेतात आणि त्याची अँटेना टपावर लावतात. टपावर पत्र्याची आडकाठी नाही आणि उंचीचाही फायदा. पण अँटेना दूर आणि तार बारीक असली तर मिळवलेले वाटेतच सांडते. दोन हजार मेगॅहर्ट्झच्या आसपास बारीक तारेत दर मीटरला सुमारे पाचवा हिस्सा नष्ट होतो असे धरा. पाच मीटरनंतर किती उरेल? ०.८ चा पाचवा घात करून पाहा, जेमतेम एकतृतीयांश! तार आखूड आणि जाड हवी, हा त्याचा अर्थ.

बाजारात ‘सिग्नल बूस्टर’ नावाची पेटीही मिळते. तिच्या वाटेला जाऊ नये. ती लहर पकडून मोठी करून पुन्हा सोडते, आणि त्याबरोबर गोंगाटही मोठा करून टॉवरच्या कानात ओरडते. एका ट्रकची सोय होते आणि आजूबाजूच्या शेकडो लोकांचे फोन बिघडतात. परवान्याशिवाय असा बूस्टर विकणे व बसवणे आपल्याकडे बेकायदा आहे.

विजेचे काय, असे कुणी विचारील. ट्रकमध्ये ती मुबलक असते. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी १२०० वॅट-तास साठवते. फोनची बॅटरी सुमारे १९ वॅट-तासांची. साठ फोन भरतील! पाच-सात वॅटचा राउटर रात्रभर चालला तरी ट्रकला त्याची खबर लागत नाही.

ढाब्यावर आणि आकाशात

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम-वाणी’ नावाची योजना मंजूर केली. किराणा दुकानदार, चहावाला किंवा ढाबेवाला आपल्याकडे तारेने आलेले इंटरनेट वाय-फायद्वारे थोडे थोडे विकू शकतो. त्यासाठी त्याला परवाना किंवा शुल्क लागत नाही. कल्पना चांगली आहे, पण महामार्गावर ती अजून म्हणावी तशी रुजलेली दिसत नाही. ढाबेवाल्यांनी मनावर घेतले तर रात्रीच्या मुक्कामी मोठ्या गोष्टी उतरवून घ्यायला याहून स्वस्त साधन नाही. वाय-फायची लहर उघड्यावर तीस-पन्नास मीटर जाते. म्हणजे ट्रक ढाब्याच्या अंगणातच उभा हवा. परक्या वाय-फायवर बँकेचे व्यवहार मात्र टाळावेत. त्या वेळी आपले सिम वापरावे.

अमेरिकेतील फिरत्या घरांच्या टपांवर अलीकडे एक चपटी, पुस्तकापेक्षा थोडी मोठी पाटी दिसू लागली आहे. ती उपग्रहांशी बोलते. जुने दळणवळण-उपग्रह ३५,७८६ कि.मी. उंचीवर असत. प्रश्न वर जाऊन खाली, उत्तर वर जाऊन खाली अशा चार फेऱ्यांत जवळजवळ अर्धा सेकंद जाई. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० कि.मी. वर फिरतात, त्यामुळे हा प्रवास सेकंदाच्या शंभराव्या भागाच्याही आत होतो. पण इतक्या खाली असल्याने एक उपग्रह काही मिनिटांतच क्षितिजाआड जातो. पाटी जागची न हलता आपला झोत विजेच्या साहाय्याने एका उपग्रहावरून दुसऱ्यावर वळवते. चालत्या वाहनांत ती वापरण्यास अमेरिकेने जून २०२२ मध्ये परवानगी दिली; भारतात कंपनीला जून २०२५ मध्ये परवाना मिळाला. टॉवर नसलेल्या वाळवंटात हे वरदानच. मात्र पाटीची किंमत आणि महिन्याचा आकार ट्रकवाल्याच्या रिचार्जच्या कित्येक पट. वीजही लहानातल्या लहान पाटीला २५ ते ४० वॅट लागते. दहा तास चालवली तर आपल्या १२०० वॅट-तासांतले तीनशे तरी संपले. सकाळी इंजिन सुरू व्हायचे आहे, हे विसरून चालणार नाही.

जेथे काहीच पोचत नाही

काही ठिकाणी कोणतीच लहर पोचत नाही, आणि नेमके तिथेच गाडी बंद पडते, असा चालकांचा आवडता सिद्धान्त आहे. अशा वेळी फोन अगदीच निकामी नसतो. त्याला आपले ठिकाण कळते ते टॉवरकडून नव्हे, तर सुमारे २०,२०० कि.मी. उंचीवरील जी.पी.एस. उपग्रहांच्या घड्याळांवरून, त्यासाठी इंटरनेट लागत नाही आणि रिचार्जही लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र आणण्यापुरते. आदल्या रात्री त्या जिल्ह्याचा नकाशा उतरवून ठेवला असेल, तर निबिड जंगलातही निळा ठिपका बिनचूक सरकत राहतो. लेखी निरोप लिहून ‘पाठवा’ म्हटले, तर तो फोनातच थांबून राहतो आणि पुढच्या टेकडीवर क्षणभर लहर मिळाली तरी निघून जातो. बोलण्याला सलग लहर लागते, लेखी निरोपाला क्षणभराची पुरते.

दुर्गम भागात सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरांवर जानेवारी २०२५ पासून एकाहून अधिक कंपन्यांच्या ग्राहकांना एकाच टॉवरवरून सेवा घेण्याची सोय सुरू झाली. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड ‘आपोआप’ ठेवलेली असेल तरच तिचा लाभ मिळतो. पुष्कळ चालकांनी कधीतरी ती हाताने बदललेली असते आणि मग तशीच राहून जाते.

संकटाच्या वेळी ११२ हा क्रमांक लावावा. आपल्या कंपनीची लहर नसली, तरी आसपास दुसऱ्या कोणाची असेल तर फोन तिच्यावरून हा कॉल लावण्याचा प्रयत्न करतो. पडद्यावर लहरीची एकही रेघ नसली तरी तो लावून पाहावा, आणि लावताना केबिनमधून उतरून मोकळ्यावर, जमल्यास कड्यापासून दूर आणि थोड्या उंचावर उभे राहावे.